अडवून झालं की

कान हातात आला तेव्हाच दस्तगीर मास्तरांना कळायला हवं होतं, की हा कान आपला नव्हे. आपला म्हणजे वर्गातला. निपाणी-चिकोडीकडच्या मराठी शाळांतून पोरांचे कान धरण्यात त्यांचा जन्म गेला होता, आणि कान कसा धरायचा हे त्यांच्या बोटांना पाठ होतं. खालच्या पाळीला नाही, वरच्या कडेला, दोन बोटांत, दुखेल पण लागणार नाही असा. तसा धरला की पोरगं टाचा उचलतं, तोंड वेडंवाकडं करतं, 'चुकलं मास्तर' म्हणतं आणि सुटलं की हसत पळतं. संध्याकाळी तेच पोरगं तालमीत सगळ्यांच्या आधी येऊन काठ्यांना तेल लावत बसतं. हा कान तसा नव्हता. तो गरम होता, त्यात एक चकचकीत बाळी होती, आणि ज्या डोक्याला तो होता ते डोकं टाचा न उचलता जागच्या जागी ताठ झालं. बेळगावातल्या शहापूरचा तो अरुंद बोळ, दोन्ही अंगांना साड्यांची दुकानं, दुकानांपुढं दोरीवर सोडलेले पदर, पावसानं ओली झालेली फरशी, फरशीवर उभी केलेली मोटरसायकल, तिच्यावर बसलेली दोन पोरं. तिसरा हा. मास्तरांना वाटलं, आता हा म्हणेल, चुकलं.

सुरुवात तर हसण्यानं झाली होती. निवृत्तीनंतर मास्तर मुलाकडं राहत होते, आणि आता त्याच्या गाद्यांच्या दुकानाकडं निघाले होते. पाऊस थांबला होता म्हणून छत्री मिटून त्यांनी ती मधोमध धरली होती. लाकडी दांड्याची, वाकड्या मुठीची, जुनी जड छत्री. तालमीत काठी धरून धरून त्यांना कुठलीही लांब वस्तू तशीच धरायची सवय लागली होती. मागून आवाज आला, "ए चाचा, छत्री घिऊन कुठं? जिहादला निघालास काय?" आणि तिघं हसले. ते हसणं वाईट असतं तर मास्तर खाली मान घालून पुढं गेले असते. अलीकडं ते तसं जायला शिकले होते. पण ते हसणं मागच्या बाकावरचं होतं, गुरुजी फळ्याकडं वळले की होतं तसं. मास्तर त्याला फसले. ते वळले आणि वर्गात विचारत तसं त्यांनी विचारलं, "कोण रं त्यो? बाळी घातलेला. त्या शब्दाचा अर्थ सांग बघू." पोरगा म्हणाला, "अर्थ? बाँब!" पुन्हा हसू. "चूक," मास्तर म्हणाले, आणि दोन पावलं पुढं होऊन त्यांनी कान धरला. कुणी म्हातारा माणूस भर रस्त्यात टवाळ पोरांना शब्दाचा अर्थ शिकवायला थांबत नाही. मास्तरच थांबतो.

अर्थ त्यांच्या जिभेवर तयार होता. तो त्यांच्या अब्बांचा होता. अब्बा नदाफ, कापूस पिंजणारे. सदलग्याजवळच्या गावात, धनुकलीच्या तारेवर लाकडी ठोकळा मारत बसलेले, भुवया, मिशा, पापण्या सगळं कापसानं पांढरं झालेलं. लहानपणी दस्तगीरला वाटायचं, आपले अब्बा जन्मतःच म्हातारे आहेत. तार टणत्कार करायची, कापूस उडायचा, कचरा खाली बसायचा. "ह्यो बघ," अब्बा म्हणायचे, "ह्योच जिहाद. जोर लावायचा आणि आपल्यातला कचरा खाली पाडायचा. पहाटं थंडीत उठावं वाटत न्हाय, तरी उठतोस, त्यो जिहाद. जबर माणसाम्होरं खरं बोलावं वाटत न्हाय, तरी बोलतोस, त्यो त्याच्यापरास मोठा. आणि कुणी मारायला आलं तर अडवायचं, त्योबी जिहादच, पर सगळ्यात धाकला. त्याला लई कायदं हाईत. म्हाताऱ्याला हात लावायचा न्हाय, बाईला न्हाय, लेकराला न्हाय, फळाचं झाड तोडायचं न्हाय. आणि ज्यानं हात खाली घेतला, त्याला तर न्हायच न्हाय." का न्हाय, असं दस्तगीरनं विचारलं होतं. अब्बांनी ठोकळा तारेवर जरा जास्त जोरानं मारला. तार तुटली. "म्हणून," ते म्हणाले, आणि तार जोडत बसले. एवढं सगळं मास्तर त्या पोराला सांगणार होते. दोनच मिनिटं लागली असती.

पण पोरानं हात उचलला. कानाला हिसका देऊन त्यानं उजवी मूठ मागं घेतली, आणि मास्तरांनी काही ठरवायच्या आधीच छत्री दोन्ही हातांत आडवी झाली, गुडघे वाकले, आणि मूठ लाकडी दांड्यावर येऊन आदळली. ही रोक, काठी आडवी धरून वार अडवायची. तालमीत दर मोहरमला पोरांना शिकवली ती. मूठ आदळली आणि तिच्या धक्क्यानं दोघंही बाजूच्या दुकानापुढं सोडलेल्या पदरांच्या आड गेले. निळा पदर, त्याच्यामागं मोरपंखी. पोराचा हात झिणझिण्या येऊन खाली लोंबला. त्याचं तोंड उघडं राहिलं होतं आणि इतक्या जवळून दिसलं, की त्याला अजून नीट मिशाही फुटल्या नव्हत्या. इथं धडा संपत होता. हात खाली, काठी खाली, सलाम. मास्तरांना ते स्पष्ट दिसलं, फळ्यावर लिहिल्यासारखं. आणि दिसल्यावर, दिसल्याच्या नंतर, त्यांच्या हातातली छत्री फिरली, मूठ वर गेली आणि त्या लोंबत्या मनगटावर खाली आली. शेवग्याची शेंग मोडावी तसा आवाज झाला. आणि त्यांना बरं वाटलं.

हे बरं वाटणं त्यांना नंतर कुठंच ठेवता येईना. पोरगा विव्हळत पदराबाहेर गेला, मोटरसायकल गेली, दुकानदार बाहेर आले, कुणी म्हणालं, मास्तर बसा, पाणी घ्या. पाणी पिताना ते त्यांना घशात जाणवत होतं, खडीसाखरेच्या खड्यासारखं, विरघळायचं राहिलेलं. लाज नंतर आली, भीती त्याच्याही नंतर. आधी ते आलं होतं, खांद्यापासून बोटांपर्यंत, गोड. त्यांनी आठवून पाहिलं, आयुष्यात असं कधी वाटलं होतं का. पहिल्या नेमणुकीच्या दिवशी? नाही. मुलगा, मुबारक, झाला तेव्हा? थोडंसं. पण ते असं हातात नव्हतं आलं.

मुबारकला कळलं तेव्हा तो दुकान अर्धं उघडं टाकून घरी आला. मास्तरांना वाटलं, आता ओरडेल. तो ओरडला नाही. त्यानं बापाचा उजवा खांदा हातात घेतला, दाबून पाहिला, स्वयंपाकघरात जाऊन तेल कोमट करून आणलं आणि चोळायला बसला. दोन वर्षांत त्यानं बापाला हात लावला नव्हता. दोन वर्षांपूर्वी त्याच्या दुकानाची पाटी काही पोरांनी उतरवली होती. याच्याकडून गाद्या घेऊ नका, असा निरोप तेव्हा मोबाइलवरून सगळीकडं फिरत होता. मुबारक पाटी उचलायला वाकला तेव्हा त्यातल्या एकानं त्याच्या थोबाडीत मारली. मास्तर तिथंच गल्ल्यामागं बसले होते. मुबारक मुठी आवळून बापाकडं वळला, परवानगी मागावी तसा, आणि मास्तर म्हणाले, "सोड. हात खाली घे." त्यानं घेतला. पोरं गेली. रात्री जेवताना तो एकदाच बोलला, "अब्बा, तुम्ही गावच्या समद्या पोरांस्नी काठी शिकवलासा. मला काय शिकवलासा?" त्यानंतर तो कामापुरतं बोलायचा. ताट पुढं सरकवायचा, औषध आणून टेबलावर ठेवायचा. आणि आज तेल चोळता चोळता त्याचे डोळे ओले झाले होते. "दोन मारलासा म्हणं," तो हळूच म्हणाला, जणू लहानपणी झोपताना गोष्ट मागत होता. "एक अडवलासा, आणि वर एक दिलासा. व्हय ना अब्बा?" मास्तरांनी मान हलवली नाही. पण नाहीही म्हटलं नाही. मुबारकनं तेलकट हातानं बापाचा हात उचलून डोळ्यांना लावला. मुबारकला थोबाडीत मारणारा हा बाळीवाला पोरगा नव्हता, हे मास्तरांना ठाऊक होतं. तो त्यांच्यातला नव्हताच. तो त्या वेळी दहावीला असेल. मुबारकच्या गालावरची थप्पड त्यांनी एका भलत्याच पोराच्या मनगटावर फेडली होती, आणि मुबारकला ती पोचली होती.

तेल मुरत होतं आणि मास्तर डोळे मिटून गावात गेले होते. पिराच्या मठीपुढचं अंगण, मोहरमला पंजे बसले की पेटणारा अलावा, तो अग्नीचा खड्डा, आणि त्याच्या कडेनं रांगेत उभी पोरं. भरमूच्या घरात पंजा धरायचा मान, रवळूच्या घरात अलाव्याला लाकूड द्यायचा, मास्तरांकडं पोरं शिकवायची. तिथं फक्त रोक शिकवत. वार शिकवायचा नाही, तो माणसाला येतोच, असं अब्बा सांगायचे. धड्याच्या शेवटी मास्तर विचारत, "काठी कशासाठी?" पोरं ओरडत, "अडवायला!" "अडवून झालं की?" "खाली!" आणि सगळ्या काठ्या एकदम जमिनीवर येत, धूळ उडे. एके वर्षी पार्श्वनाथ आप्पा आपल्या नातवाला घेऊन आले होते, तंबाखूचे व्यापारी, सोवळे, रात्री न जेवणारे. म्हणाले, "मास्तर, पोराला काठी द्यावी का न्हाय, जीव धजंना. आमच्यात मुंगीबी मारत न्हाईत." मास्तर म्हणाले, "आप्पा, अडवणं म्हणजे मारणं न्हवं." आप्पा हसले. "व्हय, आमच्यातबी संसारी माणसाला तेवढी सूट हाय. कुणी अंगावर आला तर निवारावं. पर मास्तर, निवारणं कुठं संपलं, ह्ये हाताला कसं कळंल?" मास्तरांनी उत्तर दिलं होतं, "शिकवलं की कळतंय, आप्पा." इतकं झटकन दिलं होतं. आता ते उत्तर त्यांना खोलीत कुणीतरी दुसऱ्यानं बोलल्यासारखं ऐकू आलं.

आणि ओमकारची काठी. तालमीतला सगळ्यात चांगला पोरगा. एका मोहरमला भरमूच्या पोरानं त्याला आईवरून शिवी दिली. ओमकारनं त्याची काठी रोकेनं उडवली, आणि काठी उडून तो पोरगा रिकाम्या हातांनी उभा असताना त्याच्या दंडावर एक दिली. तालमीचा नियम जुना होता: ज्याची काठी पडली त्याच्यावर चाललेली काठी अलाव्यात जाते. मास्तरांनी सगळ्या गावासमोर विचारलं, "अडवायला मारलास, का राग आला म्हणून?" पोरगं म्हणालं, "त्यानं आईला..." "एवढंच सांग. अडवायला, का राग?" "राग." "मग टाक." ती काठी ओमकारच्या आज्ज्यानं त्याच्यासाठी कोवळ्या वेळूची कापून आणली होती, वर पितळी टोपण बसवलं होतं, आणि आज्जा त्याच पावसाळ्यात वारला होता. गावातल्या दोघातिघांनी मास्तरांना सांगून पाहिलं. मास्तर अलाव्याशी हात पाठीमागं बांधून उभे राहिले. पोरानं काठी टाकली. पितळी टोपण लाल झालं, मग काळं. ओमकार रडला नाही, त्यानं फक्त शेवटपर्यंत पाहिलं. मास्तरांना त्या रात्री आपला अभिमान वाटला होता. एक धडा कायमचा बसला, असं ते घरी येऊन म्हणाले होते.

तोच ओमकार आता चिकोडीच्या कोर्टात वकील होता, आणि पोराकडच्यांनी ठाण्यात तक्रार दिल्याचं कळताच दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढून बेळगावला आला. "मास्तर, तुम्ही काय बोलू नगासा," तो आल्या आल्या म्हणाला. "दुकानाचा कॅमेरा बघितलोय मी. पोराची मूठ दिसती, तुमची रोक दिसती. पुढचं समदं साडीनं झाकलंय." तो मास्तरांकडं न बघता बोलत होता. मुबारकही म्हणाला, "अब्बा, तुमे कुछ नको बोलो. हम हैं ना." पण मास्तरांनी पहाटेच्या नमाजानंतर ठरवलं होतं. अब्बा म्हणाले होते, जबर माणसापुढं खरं बोलणं, तो मोठा जिहाद. ठाण्यातल्या साहेबापुढं उभं राहायचं आणि सांगायचं: पहिली रोक होती, दुसरा वार होता, पोराचा हात खाली होता. एवढीच तीन वाक्यं. रिक्षात बसून ती त्यांनी मनात घोकली, पोरं पाढे घोकतात तशी. घोकताना त्यांना जरा हलकंही वाटलं, आणि आपण हलके होतोय हे बघून पुन्हा थोडा अभिमान वाटला.

ठाण्याच्या आवारात पोराच्या बाजूची माणसं उभी होती, या बाजूचीही. साहेबांनी फक्त लागणारी माणसं आत घेतली आणि मास्तरांना खुर्ची दाखवली, "कूड्री, मास्तर." पोराचं नाव सौरव होतं. कोपरापर्यंत प्लॅस्टर, गळ्यात झोळी, कानात तीच बाळी. शेजारी त्याची आई, हातमागावर बसून बसून पाठ वाकलेली. तिच्यामागं एक कपाळावर टिळा लावलेला दांडगा माणूस सांगत होता, की चाचाकडं तलवार होती, छत्रीत लपवलेली, पोरांनी बघितली. साहेबांनी कॅमेऱ्यातलं चित्र पुन्हा लावलं. "काल छत्रीची तलवार केलासा," ते म्हणाले, "उद्या रेनकोटची तोफ करशिला. तलवार कुठाय दाखवा की." हवालदार हसले. सौरव मध्येच म्हणाला, "तलवार नव्हती. छत्रीच व्हती." टिळेवाल्यानं त्याच्याकडं असं पाहिलं, की मास्तरांना त्या पोराची भीती वाटली, म्हणजे पोरासाठी. तो माणूस जरा वेळानं फोन आल्याचं निमित्त करून बाहेर गेला आणि परत आला नाही.

"मग तू सांग," साहेब म्हणाले. सौरवनं सांगितलं. त्यानं काहीच लपवलं नाही. "मी चाचाला चिडवलो. वंगाळ बोललो. त्यांनी कान धरला, मग मी हात उचलला. त्यांनी छत्रीनं अडवलं, त्ये खरं हाय. माझा हात खाली आलता. मग त्यांनी मारलं. त्यानं मोडला." क्रमानं, एकामागून एक, गाळलेल्या जागा भराव्या तसं. हा पोरगा माझ्या वर्गात असता, मास्तरांच्या मनात आलं, तर पहिल्या बाकावर बसवला असता. ओमकार उठला. त्यानं हवालदाराची लाठी मागून घेतली, दोन्ही हातांत आडवी धरली, गुडघे वाकवले. मास्तरांनी शिकवलेली रोक, इतक्या वर्षांनी, एक बोट इकडचं तिकडं नाही. "साहेब, ही रोक. ह्याच्यावर कुणी मूठ आदळली तर ज्याची मूठ त्याचंच मनगट जातंय. ह्या मास्तरांनी उभ्या जन्मात वार शिकवला न्हाय. आमच्या गावात कुणालाबी विचारा, हिंदू, जैन, मुसलमान. पडलेल्यावर काठी चालवली म्हणून ह्यांनी पोरांच्या काठ्या जाळल्यात साहेब. हा माणूस खाली आलेल्या हातावर मारंल?" खोलीत कुणी हसलं नाही, पण सगळ्यांचे चेहरे सैल झाले. सगळ्यांनाच ते हवं होतं. साहेबांना मोहरम शांततेत जायला हवा होता, पुढं गणपती होते. पोराच्या आईनं पदर तोंडाला लावून मान हलवली, तिलाही घरी जायचं होतं. "खोटं!" सौरव ओरडला. त्याचा आवाज फाटला. "खाली आलता हात! चाचा, तुम्हास्नी तर ठाऊक हाय की!"

साहेब वळले. "मास्तर, तुम्हीच सांगा. दुसरा मारलासा का न्हाय?"

तीन वाक्यं तयार होती. मास्तरांनी श्वास घेतला आणि साहेबांच्या चेहऱ्यात जबर माणूस शोधला. तिथं तो नव्हता. तिथं एक दमलेला, पान खाल्लेला, भला माणूस होता. त्याला खरं सांगणं सोपं होतं. मग त्यांची नजर दाराशी उभ्या मुबारककडं गेली. मुबारक भिंतीला टेकून उभा होता, हाताची घडी घालून, आणि त्याला ठाऊक होतं. सगळ्या खोलीत पोराशिवाय त्याला एकट्याला ठाऊक होतं, असं तेव्हा मास्तरांना वाटत होतं. तो भीत नव्हता. त्याच्या डोळ्यांत दोन वर्षांनी आलेला तो ओलावा तसाच होता. आता बापानं खरं सांगितलं तर तो पुन्हा ताट पुढं सरकवायला लागेल, का आणखी अभिमानानं बघेल, हे मास्तरांना सांगता येईना, आणि दोन्हींची सारखीच भीती वाटली. बाहेर आवारात उभी असलेली माणसं, दुकानाची पाटी, मोबाइलवर उद्या फिरणारं वाक्य, 'कबूल केलं', हे सगळंही होतं. ते कारण म्हणून पुरेसं होतं. ते कारण घेऊन घरी जाता आलं असतं. पण कारण ते नव्हतं. जबर माणूस दाराशी उभा होता आणि त्याच्या हाताला अजून तेलाचा वास येत होता.

"रोक होती, साहेब," मास्तर म्हणाले.

"आयतु," साहेबांनी टेबलावर हात आपटला, मिटलं या अर्थानं. "ए सौरव, ऊठ. वयस्कर माणसावर हात उचलतोस. पाया पड त्यांच्या." पोरगा हलला नाही. आईनं त्याला पाठीत ढकललं, "पड रं, बाबा, पड, संपव." तो उठला. एक हात झोळीत, म्हणून त्याला नीट वाकता येईना. तो तिरका वाकला, आणि त्याचं डोकं मास्तरांच्या गुडघ्याशी आलं. तोच कान, अगदी हाताशी. त्याच्या वरच्या कडेला अजून बारीक लाल खूण होती, दोन बोटांची. आशीर्वाद द्यायला हात डोक्यावर ठेवावा लागतो. मास्तरांनी ठेवला. केस ओले होते. खालून, कुणाला ऐकू येणार नाही इतक्या हळू, पोरगा म्हणाला, "तुम्ही मास्तर हाईसा म्हणं." टोमणा नव्हता तो. तो विचारत होता. मास्तरांचा हात त्याच्या डोक्यावर काही क्षण तसाच राहिला, जड, दुसऱ्याचा असल्यासारखा, आणि त्या हाताला, त्याही वेळी, मनगट मोडतानाची ती गोडी आठवत होती.

पायऱ्यांवर मुबारक रिक्षा बघायला पुढं गेला. ओमकार मास्तरांच्या शेजारी उभा राहून काळ्या कोटाची बटणं काढत होता. "लई उपकार केलास बाळा," मास्तर म्हणाले. ओमकार म्हणाला, "उपकार कसलं, मास्तर. मी कॅमेरा लई वेळा बघितलो. पदर दोनदा हललाय." त्यानं शेवटचं बटण काढलं. "एकदा धक्क्यानं. परत एकदा, जरा थांबून." त्यानं कोट घडी करून हातावर घेतला. त्याच्या आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. "माझ्या आज्ज्याची काठी जळताना मला वाटलं हुतं, हा माणूस लई खरा हाय. म्हणून सोसलं. तुमची छत्री मी जाळाय लावणार न्हाय. पर मोहरमला यायाचं हं, मास्तर. पोरं वाट बघत्यात." आणि तो वाकून त्यांच्या पाया पडला. मास्तरांनी त्याच्याही डोक्यावर हात ठेवला. दुसरं काय करणार.

गेले ते मोहरमला. न जाणं म्हणजे सांगणंच झालं असतं. बेळगाव-चिकोडी, चिकोडी-सदलगा, एसटीच्या खिडकीतून उसाचे हिरवे फड, दूधगंगेचं गढूळ पाणी, सगळं नेहमीचं. मुबारक बरोबर आला, कधी नव्हे तो. गावात त्यानं भरमूला, रवळूला, ज्याला त्याला सांगितलं, की अब्बांनी कसं अडवलं. 'अडवलं' म्हणताना तो डोळा मिचकावत होता आणि ऐकणारे हसून मास्तरांच्या पाठीवर थापा देत होते. मास्तर, या वयात! वाघ हाईसा वाघ! दिवेलागणीला अलावा पेटला. पोरं रांगेत उभी राहिली, नवी, गेल्या वर्षी नसलेली, तेल लावलेल्या काठ्या त्यांच्या उंचीपेक्षा मोठ्या. कडेला ओमकार उभा होता, त्याचा स्वतःचा लेक यंदा पहिल्यांदाच रांगेत होता. मास्तरांच्या हातात कुणीतरी काठी दिली. त्यांनी रोक दाखवली. गुडघे, कोपर, दोन्ही हात. पोरांनी केली. चुकलेल्यांची कोपरं त्यांनी वर उचलून दिली, हनुवट्या सरळ केल्या. हात आपोआप चालत होते. कान कुणाचाच धरला नाही. मग सगळे गप्प झाले, कारण आता धड्याचा शेवट होता आणि गावातल्या प्रत्येकाला तो पाठ होता.

"काठी कशासाठी?" मास्तरांनी विचारलं.

"अडवायला!" पोरं ओरडली, आणि सगळ्या काठ्या आडव्या वर गेल्या, मास्तरांचीही.

मास्तरांनी तोंड उघडलं. अलाव्यात एक ओलं लाकूड तडकलं, शेवग्याच्या शेंगेसारखं. पलीकडून ओमकार बघत होता, हात पाठीमागं बांधून. मुबारक बघत होता, हसत. पोरं काठ्या वर धरून थांबली होती, त्यांचे बारके दंड थरथरायला लागले, एकमेकांकडं बघू लागली. प्रश्न आला नाही. मग एका पोराला वाटलं, की मास्तर विसरले, म्हातारे झाले, आणि त्यानं दया येऊन एकट्यानंच उत्तर दिलं, आणि मागोमाग सगळ्यांनी:

"खाली!"

काठ्या एकदम जमिनीवर आल्या. धूळ उडाली, खाली बसली. रांगेच्या टोकाला ओमकारचा लेक मान वर करून मास्तरांकडं बघत होता, आणि एवढी मोठी चूक आपल्यालाच पहिल्यांदा सापडली म्हणून त्याचा चेहरा आनंदानं फुलला होता.

"मास्तर," तो म्हणाला, "तुमची अजून वरच हाय की."